लगतची जागा

दुपारची भांडी घासून झाली, की मठातल्या शिवणाच्या खोलीत शिकवणी बसायची. स्पेनमधल्या तोरो गावचा तो मठ दुएरो नदीच्या वरच्या कड्यावर आहे. हिवाळ्यात नदीवरचं धुकं चढून आलं, की खिडकीसमोरची विटांची भिंतही दिसेनाशी होई. खोलीत एक लांब बाक, टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी आणि सोलायच्या बदामांचं टोपलं. शिकवायच्या सिस्टर एउलालिया. शिकायची पेर्पेतुआ, नन होण्यासाठी केनियाहून नुकतीच आलेली उमेदवार. हात बदाम सोलत आणि तोंडानं स्पॅनिशची उजळणी चाले.

त्या आठवड्यात जवळिकीचे शब्द आले होते. ‘सेर्का’ म्हणजे जवळ, ‘आल लादो’ म्हणजे शेजारी, ‘हुंतो’ म्हणजे अगदी लगत. नवख्या माणसाला तिन्ही सारखेच वाटतात. एउलालिया व्रत घेण्याआधी शाळेत शिकवायच्या. त्यामुळे शब्द जागच्या जागी पडला नाही, तर त्यांना बदामाची साल दातात अडकल्यासारखं व्हायचं.

त्यांनी विचारलं, टोपलं कुठं आहे? मुलगी म्हणाली, माझ्या शेजारी. शेगडी? तुमच्या पायांजवळ. आणि मदर कुठं आहेत?

“मदर अंगुस्तिआस ऑफिसात आहेत,” पेर्पेतुआ सावकाश शब्द जुळवत म्हणाली. “दुसऱ्या मदर दाराजवळ आहेत.”

मठात दुसऱ्या मदर नव्हत्या. आधीच्या मदर कासिल्दा ही मुलगी येण्याच्या थोडेच दिवस आधी वारल्या होत्या. जेवणघरात त्यांच्या जागी रिवाजाप्रमाणे महिनाभर ताट वाढलं जात होतं. ताटापुढं लाकडी क्रूस असे, आणि जेवण भिंतीतल्या फिरत्या कपाटातून बाहेर गरिबाला जाई. मुलीनं ते ताट पाहिलं असणार. एउलालियांनी वाक्य सुधारलं. गेलेल्या माणसाला ‘होत्या’ म्हणायचं, आणि जवळ तर मुळीच म्हणायचं नाही.

पेर्पेतुआनं मान डोलावली. पण दाराकडं बघून ती किंचित वाकली, वडीलधारं कुणी आत आलं की वाकतात तशी.

एउलालिया मदर कासिल्दांच्या शेजारी अर्धं आयुष्य बसल्या होत्या. प्रार्थनेला, जेवायला, भाजीच्या वाफ्यात. स्वयंपाकघरातल्या सिस्टर ओब्दुलिया चेष्टेनं म्हणायच्या, “कासिल्दा शिंकली तर रुमाल एउलालियाच्या नाकाला लागतो.” शेवटच्या आजारात एउलालियांनी त्यांचा हात धरून विचारलं होतं, गेल्यावर मला सोडणार नाही ना? मदर हसून म्हणाल्या होत्या, “जवळच असेन हो.”

जवळच. शेजारी नाही, लगत नाही. एउलालिया रोजच्या जपात त्या एका शब्दाशी अडायच्या, मग मणी परत मागं घ्यावा लागायचा. दफन झाल्यापासून एक खूण नाही, एक स्वप्न नाही.

पुढच्या शिकवणीत मुलगी म्हणाली, दुसऱ्या मदर टेबलाच्या शेजारी आहेत. एउलालियांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतरच्या दिवशी त्यांनी पाहिलं, की पेर्पेतुआ बाकाच्या टोकाला सरकून बसली आहे आणि बदामाचं टोपलं मांडीवर घेतलं आहे. तिच्या दुसऱ्या अंगाला एका माणसापुरती जागा मोकळी होती.

“अशी आखडून का बसलीस गं? एवढा बाक पडलाय.”

“त्या माझ्या लगत बसल्या आहेत, सिस्टर.” शब्द अगदी बरोबर वापरला होता. मग शाबासकी मिळेना म्हणून असेल, तिनं आणखी एक वाक्य जोडलं. “त्यांच्या बाहीला संत्र्याच्या सालीचा वास आहे.”

एउलालियांच्या हातातला बदाम खाली पडला. थंडीत मदर कासिल्दा बाहीच्या आतल्या दुमडीत संत्र्याची साल ठेवायच्या. ती दुमड एउलालिया स्वतः शिवून द्यायच्या. हे मठात तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. तो इतका कडू होता, की संध्याकाळच्या सूपची चव लागली नाही. ही परकी पोर, जिनं त्यांचा आवाजसुद्धा ऐकला नाही, तिच्या लगत? आणि जिनं त्यांचे पाय धुतले, तिच्या वाट्याला काय, नुसतं जवळ?

त्यांनी मदर अंगुस्तिआसना सांगून मुलीला कपडे धुण्याच्या कामाला लावलं. कारण दिलं, की मुलगी अभ्यासात मन घालत नाही. धडधडीत खोटं होतं, आणि मदर अंगुस्तिआसनी ते निमूट मानलं, याचाही त्यांना राग आला.

मग भर दुपारी, चॅपेल रिकामं असताना, त्या आपल्या जागी जाऊन बसल्या. रोजच्या नेमाच्या प्रार्थना म्हटल्या. त्या संपल्यावर एक आपली स्वतःची म्हटली, जी कुठल्याच पुस्तकात नाही.

“या. माझ्या लगत बसा. पुन्हा उठून जाऊ नका.”

आणि त्या सरकल्या. एका माणसापुरती जागा केली.

थोड्या वेळानं बाकाची फळी हलकेच दबली.

एउलालियांनी डोळे उघडले नाहीत. उजव्या अंगाला गारवा आला, तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. संत्र्याचा वास आला नाही. पण वास देहाचा असतो, देह मातीत गेला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

त्या दिवसापासून त्या बदलल्या. जेवताना सरकून बसत. जिन्यात कठड्याच्या कडेनं चालत, दुसऱ्या पायांना वाट ठेवून. ओब्दुलिया म्हणाल्या, “काय बाई, नवरी झालीस का? गालातल्या गालात हसतेस ती.” एउलालियांनी तेही हसण्यावारी नेलं. रात्री गारव्यानं हाडं दुखत, तरी त्या कूस बदलत नसत.

मन निवलं, तसं मुलीवर केलेला अन्याय टोचू लागला. त्यांनी पेर्पेतुआला पुन्हा शिकवणीला बोलावलं. खरं सांगायचं तर, तिनं पाहावं असंही वाटत होतं.

मुलगी आली. धुण्यानं तिचे हात फुटले होते. बाकाकडं येता येता ती थबकली, आणि फेरा घालून खिडकीकडच्या स्टुलावर बसली.

एउलालियांनी बदामाचं टोपलं पुढं ओढलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

“सांग बरं पोरी, मदर कासिल्दा आता कुठं आहेत?”

“माझ्या लगत.”

“नीट बघून सांग.”

“इथंच आहेत, सिस्टर. त्यांनी माझा हात धरलाय.” पेर्पेतुआ कुजबुजली. “त्या तुमच्याकडं येत नाहीत. घाबरतात.”

शेगडीत निखारा फुटला.

“कशाला घाबरतात?”

मुलीनं बाकाकडं पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली.

“तुमच्या लगत बसल्या आहेत, त्या कोण?”

एउलालियांनी उठायला बाकावर हात टेकला. त्यांना उठता आलं नाही. झग्याची उजवी बाजू कुणाच्या तरी अंगाखाली दबलेली होती.