अकराची अपॉइंटमेंट

"माझा सख्खा भाऊच फितूर आहे!" तिने फोन टेबलावर आपटला.

चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची. चार महिन्यांपूर्वी मारकुट्या नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली होती. समोर मास्तरीणबाई होत्या. पूर्वी कॉम्प्युटर शिकवायच्या, आता खासगी तपास करायच्या. शेजारी त्यांचे जोडीदार, निवृत्त पोस्टमन काका, वही उघडून बसले होते.

"वाचनालय, बँक, नोकरीची मुलाखत... जाईन तिथे नवरा आधीच हजर. वर हसून म्हणतो, 'काळजी वाटते गं!' गेल्या आठवड्यात दातांच्या दवाखान्यातही माझी चौकशी करून गेला."

"फोन?"

"नवा. नंबरही नवा. जुना फोन, टॅब सगळं तिथेच राहिलं. नेसत्या कपड्यांनिशी निघाले होते."

"कुठे जाणार, हे कोणाला ठाऊक असतं?"

"फक्त दादाला. तोच सोडतो. मी विसराळू, म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवते, तेवढंच."

"नवरा पोचला नाही, असं कधी झालं?"

"एकदा. मैत्रीण पडली म्हणून तशीच धावत गेले. दादानेच सोडलं तेव्हाही."

काकांनी वहीत 'दादा'खाली दोन रेघा मारल्या.

भाऊ बस चालवायचा. डेपोत भेटला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "आठ दिवस बहीण बोलत नाही. मी दिसलो की ताटावरून उठते. त्या माणसाला मी माहिती देईन?"

"दवाखान्यात किती वाजता सोडलंत?"

"एकला. वेळ अकराची होती. आदल्या दिवशी दवाखान्याचाच तिला फोन आला, एकला या म्हणून. मी शेजारीच उभा होतो."

तिला नवा फोन विकणारा मोबाइलवाला तर भडकलाच. "फोनमध्ये चोरटं काही घालायला मी भुरटा आहे का? जुन्याच ईमेलवर नवा फोन सुरू करून दिला. नंबर, फोटो, टिपणं, सगळं जसंच्या तसं! पासवर्ड बदलायचं माझ्या डोक्यातही आलं नाही."

दवाखान्यातली स्वागतिका म्हणाली, "ते पावणेअकराला आले. तासभर बसले आणि 'बायको खोटारडी आहे' म्हणत निघून गेले."

मास्तरीणबाई पायऱ्यांवरच थांबल्या. रागाने त्यांचा आवाज कापत होता. "काका, 'दादा' खोडा."

मग त्यांनी तिच्याकडून कॅलेंडरमध्ये एकच ओळ लिहवून घेतली: 'शुक्रवार, चार वाजता, वकिलांची भेट.' खाली पत्ता मात्र स्वतःच्या ऑफिसचा. कोणालाही सांगायचं नाही, दादालासुद्धा नाही, असं बजावलं.

शुक्रवारी ती ऑफिसात आधीच बसली होती. भाऊ आणि मोबाइलवाला नुसत्या निरोपावरून, कारण न कळता येऊन बसले. चारला दहा कमी असताना दार उघडलं. काखेत टॅब धरून नवरा आत आला आणि इतकी माणसं बघून दारातच थबकला.

"या, वकील नाहीत इथे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ही भेट फक्त एका कॅलेंडरमध्ये होती. तुम्ही वाचलीत कुठे?"

त्याने काखेतला टॅब आणखी घट्ट धरला.

"मी सांगते. भाऊ फितूर असता, तर तुम्ही दवाखान्यात एकला गेला असता. बदललेली वेळ त्याला ठाऊक होती. फोनमधून ती कुठे आहे हे दिसत असतं, तर ती नसताना दवाखान्यात तासभर बसला नसता आणि मैत्रिणीकडेही पोचला असता. तुम्ही पोचलात ते फक्त तिने लिहून ठेवलेल्या ठिकाणी, लिहिलेल्या वेळी. एकची वेळ तिने तोंडी ऐकली, लिहिली नाही. फोन नवा, पण खातं जुनंच. तेच खातं तिच्या त्या टॅबवर उघडं आहे. ती इथे लिहायची, तुम्ही तिथे वाचायचात."

काका कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "म्हणजे पत्रं उघडून वाचणारा हाच!"

"बायकोची काळजी घेणं गुन्हा आहे का?" नवरा गुरगुरला.

"काळजी?" मास्तरीणबाई ताडकन उठल्या. "मारून घर सोडायला लावलंत, मग श्वापदासारखा माग काढलात, आणि तिचा एकमेव आधारही तिच्या मनातून उतरवलात! तुमचं बोलणं वहीत उतरलंय. आता पोलिसांकडे जाऊ. आणि तुम्ही, मोबाइलवाले! कुलूप नवं विकता, किल्ली जुनीच देता?"

मोबाइलवाल्याने मान खाली घातली.

ती उठली. तिने स्वतःच पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांतून खातं बंद केलं. नवऱ्याच्या काखेतला टॅब काकांनी काढून घेतला. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट तेवढी उरली होती.

ती भावासमोर उभी राहिली, पण मान वर होईना. "दादा, मी तुला काय काय बोलले..."

"राहू दे," तो म्हणाला. "फक्त एक कर. नवा पासवर्ड मलाही सांगू नकोस."