टाळी मागे राहते

अडचण : कडव्यात टाळी बरोबर पडते, ध्रुवपदात मागे राहते.

"अहो… ती टाळी चुकतेय!"

आवाज लिफ्टच्या शाफ्टमधून आला. दार अर्धं उघडं, समोर 'काम चालू आहे'ची पाटी, आत अंधार. मी जिन्याच्या पायरीवर बसलेली. मांडीवर लॅपटॉप, शेजारी न उघडलेला डबा.

"मला म्हणालात?"

अंधार गप्प. मी खांदे उडवले, गाणं पुन्हा सुरू केलं, आणि तेव्हा कुठे उत्तर वर आलं —

"दुसरं कोण आहे तिथं?"

"चुकतेय ते मलाही कळतंय. का चुकतेय ते सांगा."

आधी कपाळावरचा दिवा वर आला, मग कपाळ, मग अख्खा माणूस. लिफ्ट दुरुस्त करणारा. कोपरापर्यंत ग्रीस. लॅपटॉपला हात लावायची सोय नव्हती, म्हणून त्यानं हनुवटीनं स्क्रीन दाखवला.

"रंगीत बटणांच्या गिटारचा खेळ ना? त्यात स्वतःचं गाणं बसवताय."

"तुम्हाला काय माहीत?"

"…मीही बसवतो. टाळीवरून ओळखलं."

ज्यांनी तो खेळ खेळला नसेल त्यांच्यासाठी : पडद्यावर एक रस्ता असतो. रस्त्यावरून रंगीत ठिपके तुमच्याकडे येतात. ठिपका रेघेवर आला की हातातल्या प्लॅस्टिकच्या गिटारवरचं त्या रंगाचं बटण दाबायचं, आणि गाणं आपणच वाजवतोय असं वाटायला लागतं. आपलं आवडतं गाणं खेळात नसेल, तर एका सॉफ्टवेअरमध्ये त्याचे ठिपके एकेक करून मांडता येतात. तपासायच्या वेळी ते सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याला एक टाळी वाजवतं.

माझी टाळी पहिल्या कडव्यात शहाण्यासारखी पडत होती. ध्रुवपद आलं की चालून दमलेल्या पोरासारखी मागे रेंगाळत होती.

हे करून बघा : सुरुवात थोडी सरकवा.

"बघितलं करून. ध्रुवपद जुळलं की कडवं बिघडतं. तोकडं पांघरूण आहे नुसतं, डोकं झाकावं तर पाय उघडे."

"वेग किती ठेवलाय?"

मी दाखवला.

"एकच? सगळ्या गाण्याला?"

"गाणं एक, वेग एक. चुकलं काय त्यात?"

तो हसला. तेही जरा उशिरा, म्हणजे मी तोपर्यंत रागवायची तयारी केली होती. "अहो, हे माणसांनी वाजवलंय. माणसं कधी एका वेगानं वाजवतात? गाणं चुकत नाहीये, तुमच्या रेघा चुकतायत. प्रत्येक ठोका ऐकून हातानं मांडावा लागेल."

"अख्खं गाणं? ठोका ठोका?"

"डब्याच्या सुट्टीत थोडं थोडं करू. ही लिफ्ट काही लवकर सुरू होत नाही."

"का? मोठा बिघाड आहे?"

त्यानं शाफ्टकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"…सकाळपर्यंत छोटा होता."

फाइलची माहिती

गाणारे : चार मित्र, तेव्हा तरुण. गिटार : माझा मामा. ध्वनिमुद्रण : एकदाच झालं. कॅसेट उरली, बँड उरला नाही.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आमच्याच घरी राहतो. त्याच्या बोटांचे सांधे सुजलेत, खऱ्या गिटारच्या तारा आता दाबता येत नाहीत. गिटार कपाटावर आहे, आणि मामा त्या खोलीत जाताना कपाटाकडे बघत नाही. प्लॅस्टिकच्या गिटारची बटणं मऊ असतात. त्याच्या साठीच्या वाढदिवसाला त्यानं स्वतःचं गाणं स्वतःच्या हातांनी पुन्हा वाजवावं, एवढंच मला हवं होतं.

आणि मी? चौथ्या मजल्यावर दातांची लॅब आहे, तिथं मी दात बनवते. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे साचे येतात, मी त्यांवर नवे दात बसवून पाठवते.

"म्हणजे लोक हसतात ते तुमच्या कृपेनं," लिफ्टवाला म्हणाला.

"आणि लोक वर जातात ते तुमच्या."

बराच वेळ काही नाही. मग, "हे असं वाईट बोलू नये कामावर असलेल्या माणसाला."

ठोके मांडा.

ठोका.

"उद्या याल?" उत्तर आलं नाही. "नसेल जमत तर राहू द्या, माझं मी करीन."

"…येईन म्हणत होतो."

ठोका.

"तुम्ही नेहमी एवढा वेळ घेता?"

"…"

"बघा!"

"लिफ्टचं दार असंच असतं. लगेच बंद झालं तर माणूस अडकतो. आणि तुम्ही तर प्रश्नही विचारता, उत्तरही देता. मला कशाला बोलावलंत?"

ठोका. ठोका. एक हेडफोन, दोन कान. त्याचा उजवा, माझा डावा. त्यानं हात घासून घासून धुतले होते. तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहिलीच होती, आणि ती रेघ मला उगाचच आवडली. गाण्यात ड्रमचा एक लांब गडगडाट होता. तो यायच्या आधीच लिफ्टवाल्यानं तो जिन्याच्या कठड्यावर पेचकसानं वाजवून टाकला. काय तयार कान आहे, मला वाटलं.

ठोका.

"'अहो' काय, 'तू' म्हण," मी म्हणाले. या वेळी मात्र तो चटकन "बरं" म्हणाला, आणि मग दोघांनाही कुठे बघावं कळेना, म्हणून आम्ही शाफ्टमध्ये बघत बसलो.

इशारा : येथे वेग बदलतो.

ध्रुवपदाशी आलो. ठोक्यांमधली अंतरं भराभर आखडायला लागली होती.

"इथं पळालेत सगळे," मी म्हणाले. "ह्यावरूनच तर बँड मोडला. मामा म्हणतो ड्रमवाल्यानं घाई केली, गाणं नासवलं. ड्रमवाला म्हणायचा, गिटार पुढे पळाली. भांडण एवढं पेटलं की आजतागायत एकमेकांचं तोंड बघितलं नाही. जिवलग होते रे. आई सांगते, एका ताटात जेवायचे."

लिफ्टवाला गप्प होता. तो गप्प असायचाच, म्हणून मी बोलत राहिले. "बरं झालं की नाही? आता ठोका ठोका मांडला की कळेलच. आधी कोण पळालं ते. मामाला पुरावा मिळेल. वाढदिवसाची भेट एकावर एक फुकट!"

त्यानं हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला.

"आज… एवढंच करू."

फाइल सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली होती.

पाटी नाही, दिवा नाही, कोणी नाही. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "हुश्श! सुटले माझे गुडघे." मला त्यांच्या गुडघ्यांचा राग आला. मी डबा घेऊन जिन्यातच जाऊन बसले. एकटीनं ठोका मांडायला घेतला, आणि कळलं की मला तो ऐकूच येत नाहीये. शेजारच्या त्याच्या उजव्या कानाची सवय लागली होती.

लिफ्टचं दार उघडलं. तो आत उभा होता. धुतलेला शर्ट, हातात काहीच नाही.

"सांगायचं होतं. तो ड्रमवाला…"

मी तोंड उघडलं.

"थांब. या वेळी तू मध्ये बोलू नकोस." त्यानं श्वास घेतला. "तो ड्रमवाला माझा बाप आहे. हे गाणं ते जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी वाजवतात. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. खालून."

"आणि बोलला नाहीस?"

"बोलणारच होतो. तू पुढच्या प्रश्नावर गेलीस."

मला हसू आलं, आणि मग हसू आलं म्हणून राग आला. "मग पळून का गेलास?"

दार मिटायला लागलं. त्यानं पाय मध्ये घातला.

"बाबांनी घाई केली असेल, तर तुझ्या मामाच्या घरात ड्रमवाल्याचा पोरगा म्हणून कुठल्या तोंडानं येऊ? आणि मामाची चूक निघाली, तर ती माझ्या समोर निघाली हे तुला चालेल? कुठलंही उत्तर आलं तरी… आपलं हे जिन्यातलं संपतं. म्हणून मला ते ध्रुवपद मांडायचंच नव्हतं."

*आपलं हे जिन्यातलं.* त्याला काही नाव असेल असं मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"ये, बस," मी म्हणाले. "मांडून टाकू. मी फटी शोधणारी बाई आहे. दात आणि हिरडी यांच्यात केसभर फट राहिली तरी मला झोप लागत नाही. ही तर तुझ्या बापाच्या आणि माझ्या मामाच्या मधली आहे."

दृश्य मोठे करा.

आवाज स्क्रीनवर डोंगररांगेसारखा दिसतो. ड्रमचा ठोका म्हणजे एक टोकदार सुळका, गिटारचा झंकार म्हणजे त्याच्या शेजारचा जरा गोल डोंगर. मोठं करत गेलं की दोघांमधली दरी दिसते.

पहिल्या कडव्यात ड्रम थोडा आधी. दुसऱ्यात गिटार थोडी आधी. कानाला कळणार नाही एवढंसं, पण होतं. जिथं वेग अगदी सरळ, शिस्तीत, तिथं दोघांत फट.

मग ध्रुवपद.

मी मोठं केलं. अजून मोठं केलं. डोळे बारीक केले.

"दुसरा कुठं गेला?" तो म्हणाला.

एकच डोंगर होता. पुढच्या ठोक्यालाही एकच. त्याच्या पुढेही. गाणं सुसाट पळत होतं, आणि पळताना सुळका आणि डोंगर एकमेकांत असे बसले होते की माझ्या हातून असा एक दात बसावा म्हणून मी जीव टाकते.

"कोणीच आधी नव्हतं," मी हळूच म्हणाले. "दोघं एकदम पळाले."

त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली होती, आणि कोणी काढून घेतली नाही.

खेळा.

मामाचा वाढदिवस, रविवारची दुपार. आमच्या बाहेरच्या खोलीत मामा नवा शर्ट घालून, मांडीवर प्लॅस्टिकची गिटार घेऊन. "हे काय खेळणं आणलंस गं? दात येतायत का मला?" बेल वाजली. दारात लिफ्टवाला, खांद्यावर खेळातले ड्रम; त्यांचेही ठिपके आम्ही मांडले होते. त्याच्यामागे एक बुटके, टकले काका, तोंड दुसरीकडे करून.

मामाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. आईनं पाण्याचा तांब्या घट्ट धरला.

"काय रे ढोल्या," शेवटी मामा म्हणाला. "केस कुठं सांडलेस?"

"खुंट्या, तुझ्या बोटांचे बटाटे झालेत, त्याचं बघ."

कोणी बस म्हणालं नाही. काका बसले.

गाणं लावलं, आणि दोघांचेही ठिपके चुकायला लागले. "बघा! घाई करतोय!" "मी? तू पळतोयस!" आवाज चढले. काका अर्धवट उठलेसुद्धा.

लिफ्टवाल्यानं खेळ थांबवला. घाईघाईनं नाही, त्याच्या पद्धतीनं. "कोणी चुकत नाहीये. टीव्हीचा आवाज पोचायला जरा उशीर होतो. उशीर किती ते खेळाला एकदा सांगायचं, मग खेळ तेवढं थांबतो. ठोका ऐकू आला की नुसतं बटण दाबा. दोघंही."

दोन म्हातारे शाळकरी मुलांसारखे बटण दाबत बसले. टक. टक. टक.

मग गाणं. कडवं गेलं, थोडं अडखळत. ध्रुवपद जवळ आलं आणि पडद्यावरचे ठिपके वेगानं यायला लागले, दोघांच्या रस्त्यांवर, एकदम. कोणी कोणाकडे बघितलं नाही. दोघंही पुढे वाकले आणि पळाले. एकही ठिपका सुटला नाही.

गाणं संपलं. मामा सुजलेली बोटं चोळत राहिला.

"च्यायला ढोल्या," तो म्हणाला. "आपण दोघंही."

"मग? तिथं मजाच यायची तेवढी," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. "परत लाव रे."

आई तांब्या तिथंच ठेवून आत गेली. थोड्या वेळानं स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी डोकावले, तर ती कपाटावरची खरी गिटार पुसत होती.

सुधारणा जतन करायची?

तो बूट शोधत दाराबाहेर आला, मी मागून.

"उद्यापासून मांडायला ठोके नाहीत," मी म्हणाले. "लिफ्टही चालू आहे. तरी जिन्यात येशील?"

शांतता.

'नसेल जमत तर' माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. मी ते तिथंच थोपवलं. त्याचा उशीर किती असतो, ते आता मला माहीत होतं. मी तेवढी थांबले.

आत ध्रुवपद सुरू झालं. त्याचे कान लाल झाले. मी श्वास घेतला, त्यानंही घेतला —

"मला तू आवडतोस."

"मला तू आवडतेस."

केसभरही फट नव्हती.