मामा वाट चुकावा म्हणून

"अन् मंग राणीनं भाकरी बांधली, अन् निघाली रानात..."

"हं," साळूआत्या म्हणाली.

वाटूर फाट्यावरच्या लिंबाखाली प्रेमला आत्याला गोष्ट सांगत बसली होती. पौषातलं ऊन, अंगाला गोड लागणारं. बद्रीनाथमामा दुपारच्या मोटारीनं परतूरहून येणार होता आणि प्रेमलासाठी स्थळ आणणार होता. प्रेमलाला कुणी विचारलं नव्हतं.

पलीकडे ट्रंकेवर बसलेला एक तरुण मघापासून कान देऊन ऐकत होता.

"भर दिवसा गोष्ट?" शेवटी त्याला राहवलं नाही. "मामा वाट चुकतो म्हणतात."

प्रेमलानं पदर सावरला. "चुकावा म्हणूनच सांगून राह्यले."

तो हसला. तिनं न हसायचं ठरवलं होतं... पण ओठांनी ऐकलं नाही.

मोटार आली, धुरळा उडवून गेली. मामा त्यात नव्हताच.

"तुमची गोष्ट लागू पडली," तो म्हणाला.

"तुम्ही कुणाची वाट पाहून राह्यलात?"

"कुणाचीच नाही. सकाळच्या मोटारीतून उतरलो. पण राणी रानात निघाली होती – मधेच कसं उठावं?"

हा गिरिधर, शाळेवर आलेला नवा मास्तर. प्रेमलाच्या वडिलांनी, रामरावांनी, त्याला ओसरीलगतची खोली दिली. निजामी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शाळेत मराठी आली होती, पण मास्तर स्वतः शिकला होता उर्दूत. संमेलनासाठी मराठीत नाटक लिहायला बसला की शाई वाळायची, कागद कोराच राहायचा.

एकदा जात्यावर बसलेल्या प्रेमलाला त्यानं कसंबसं जमलेलं पहिलं पान वाचून दाखवलं. राजा चांगला, राणी चांगली, राजपुत्र तर फारच चांगला.

"पाऊसपाणी बी बराबर?" तिनं विचारलं.

"बराबर."

"मंग गोष्ट सांगायची कशापायी?" तिनं मूठभर ज्वारी जात्यात टाकली. "दाणा भरडला न्हाई तर पीठ पडंल का, मास्तर? भांडण आणा काहीतरी."

"कुणाचं?"

"माणसाचं माणसाशी. सवतीचं सवतीशी. ते सोपं पडंल तुम्हाला."

त्यानं दोन भाऊ भांडायला लावले. नाटक चार पानं धावलं आणि पुन्हा बसलं. तेव्हा ती म्हणाली, आभाळाशी भांडू द्या, दुष्काळ पाडा. त्यानं पाडला. मग म्हणाली, सगळं गाव एकीकडं अन् राजपुत्र एकला एकीकडं, असं करून बघा. रोज जातं फिरायचं, रोज एक पान व्हायचं. पीठ हवं त्याहून जास्त पडू लागलं, हे साळूआत्याच्या लक्षात आलं. ती नुसती खोकली.

"आता शेवटी अडलंय," एक दिवस गिरिधर म्हणाला. "राजपुत्र दारात उभा आहे. मनात आहे ते सांगावं की..."

"हे आपलं आपल्याशी भांडण. लई वंगाळ." जातं थांबलं. "तिथं सोडवायला कुणी येत न्हाई."

"आणि तुमचं? तुमचं भांडण कुणाशी?"

ती खुंटा धरून गुणगुणली –

*वाटूरच्या फाट्यावरी वाटा फुटल्या गं चार*
*माझ्या मामाच्या मोटारीला होऊ दे गं उशीर*

पण आठ दिवसांनी मामा आलाच, तोही पायी, घामाघूम.

"मोटार बंद पडली, बैलगाडी भलत्याच गावाला गेली. काय भानगड हाये कळेना," तो ओसरीवर टेकत म्हणाला. "परतूरचं स्थळ बिलकुल पक्कं. मी शब्द देऊन आलो. दाजी, जल्दी होकाराचं पत्र धाडा."

"मास्तर, लिहा बरं," रामराव म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं."

गिरिधरनं टाक शाईत बुडवला. 'कृपासिंधू' असा मायना लिहिला. पुढं हात चालेना. दाराआड प्रेमला बघत होती. चार तऱ्हांची भांडणं शिकवली मी याला, आणि माझ्या तोंडून एक 'न्हाई' निघत नाही?

ती ओसरीवर आली.

"मामा, पत्राआधी एक गोष्ट ऐका."

"दिवसा?"

"दिवसाच. एक होती पोर. तिचं भांडण मामाशी नव्हतं, बापाशी नव्हतं. स्वतःच्या भित्रेपणाशी होतं. आज ते मिटलं. तिला परतूरला जायचं न्हाई. तिच्या मनातला माणूस याच ओसरीवर बसलाय..." तिनं मान खाली घातली नाही. "हुंकारा द्या कुणीतरी. हुंकाऱ्याबिगर गोष्ट पुढं जात न्हाई."

रामरावांनी सुपारी चघळायची थांबवली. मामानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

गिरिधरनं टाक खाली ठेवला.

"हं," तो म्हणाला. मग उठून रामरावांसमोर उभा राहिला. "हे पत्र माझ्यानं लिहवणार नाही. प्रेमला मला द्याल का, असं विचारायचं महिनाभर मनात आहे. धीर होत नव्हता."

रामराव पोरीकडं बघत राहिले, मग मेव्हण्याकडं. "बद्रीनाथ, तुझा शब्द गुंतलाय. तू बोल."

मामानं पागोट्याचा पदर चाचपला.

"शब्द मी दिला, मोडायला बी मीच जातो. उद्या सकाळच्या मोटारीनं," तो शेवटी म्हणाला आणि भाचीकडं वळला. "पर मी पोचेस्तोवर गोष्ट सांगू नको गं बाई. परतूरची वाट सापडली पायजे मला."

आतून साळूआत्या खोकली.