अठराशे तीसची पिशवी

"ज्यांना जांभया येतात त्यांनी आत्ताच खाली जाऊन झोपा," मोठे काका म्हणाले, तशी गच्चीवरची पुतणे-भाचे मंडळी आणखीच जवळ सरकली. गोष्ट काकांच्या साडूची होती. साडू आयुष्यात खोटं बोलला नाही, निदान बायकोसमोर तरी नाही, असं म्हणून काकांनी सुरुवात केली.

साडूची नोकरी तेलाच्या विहिरीवर. यंत्र जमिनीत भोक पाडत उतरतं आणि पंपाने आत सोडलेला पातळ चिखल दगडाचा चुरा घेऊन वर येतो, विजेवर थरथरणाऱ्या चाळणीवर पडतो. दर पाच मीटरला तो चुरा धुवायचा, भिंगाखाली धरायचा. दगड घट्ट की भुसभुशीत, त्यात तेल किती, वायू किती, याचा अंदाज लिहायचा. मग चुरा कापडी पिशवीत भरून वर खोलीचा आकडा आणि वेळ टाकायची.

नऊ फेब्रुवारी, गुरुवारची रात्र. तीन वाजायला दहा कमी असताना साडू कोठारातून जुन्या पिशव्यांचं खोकं आणायला निघाला. काम महिनाभर बंद होतं. महिन्यापूर्वी त्या चाळणीपाशीच मास्तर गेले होते. नवख्यांना शिकवायचे, म्हणून मास्तर. त्या रात्री दोन वाजता, अठराशे तीस मीटरवर, यंत्र एकाएकी भसाभस उतरायला लागलं. पुढचा दगड पोकळ आहे, वायू असणार, थांबा, असं मास्तरांनी साहेबांना फोनवर सांगितलं. साहेब म्हणाले, चालू ठेवा. दोन पंचवीसला विषारी वायू वर आला. तिथला चुरा वर यायला सत्तर मिनिटं लागतात. तो आला तेव्हा उचलायला मास्तर नव्हते. म्हणून खोक्यात अठराशे तीसची पिशवीच नव्हती.

आणि आता साहेबांनी साडूपुढे कागद ठेवला होता. तिथला दगड घट्ट होता, मास्तरांनी इशारा दिलाच नाही, चूक त्यांचीच, असं त्यात होतं. सकाळी सहापर्यंत सही हवी. नमुनाच नाही तर मी कशाच्या जोरावर लिहू, असं साडूने विचारलं.

"लिहायला हात लागतो," साहेब म्हणाले. "नमुना नाही."

साडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांची बायको परवाच सांगून गेली होती, "भावजी, माणूस तर गेला. त्यांच्या नावाला काळं लागू देऊ नका." आणि सही केली नाही, तर उद्या साहेब आपल्यालाच घरचा रस्ता दाखवणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. निदान आधीच्या पिशव्या तरी तपासू, म्हणत दात-ओठ खातच त्याने खोकं उचललं आणि परत फिरला.

चाळणी थरथरत होती.

पंप बंद. चाळणीची वीज बंद. चाळणी चालू.

तिच्यापाशी कुणीतरी वाकलेलं. पाठमोरं. चुरा धुण्याचा आवाज... एक पाणी... दुसरं पाणी...

"कोण आहे?"

घमेलं आपटलं. पुन्हा आपटलं. बोलायचं सोडून माणूस भांडी आपटतो ना... तसं.

साडूच्या हातातलं खोकं जड झालं... आणखी जड...

मग सगळं गप्प.

केबिनमध्ये येऊन त्याने खोकं उघडलं. अठराशे वीस. अठराशे पंचवीस. आणि पुढे... ओली पिशवी. अठराशे तीस. वेळ, तीन दहा. अक्षर मास्तरांचं.

मास्तर गेल्यावर पाऊण तासाने भरलेली.

त्याने चुरा भिंगाखाली धरला. गोल कण, मध्ये मोकळ्या जागा. निळ्या दिव्याखाली सोन्यासारखा चमकला. पोकळ दगड, तेल-वायूने भरलेला. मास्तर म्हणाले होते तसाच.

सहाला साहेब आले. सही कुठाय म्हणाले. साडूने पिशवी पुढे केली.

"फोन आला होता की नाही, ते आता यांनाच सांगा."

साहेबांनी अक्षर वाचलं. वेळ वाचली. मग स्वतःच्या हाताने कागद फाडला, आणि चौकशीत फोनचं सगळं स्वतःच कबूल केलं. मास्तरांचं नाव स्वच्छ झालं. देवाच्या काठीला आवाज नसतो, काका म्हणाले, पण ती बसते.

"आणि पिशवी?" धाकट्या पुतणीने विचारलं.

काकांनी सांगितलं, पिशवी तपासणीला प्रयोगशाळेत गेली. तिथे चुरा आधी वाळवतात. एक रात्र भट्टीत ठेवली. मग तीन रात्री. मग आठवडाभर...

"अकरा वर्षं झाली," काका म्हणाले. "तिथल्या कपाटात पिशवीखाली बशी ठेवलीय. रोज सकाळी बशीतलं पाणी ओतून टाकावं लागतं."