मुका सूर

पुण्यातल्या पाषाणच्या काष्ठकंपन प्रयोगशाळेत डॉ. यशोधन केळुसकरांनी बस्त्याव तुस्कानोला बसायलाही सांगितलं नाही. घरामागच्या शेडमध्ये हौसेनं बास गिटारी बनवणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात तुच्छतेखेरीज काही नव्हतं, आणि ती लपवण्याचे कष्ट ते घेत नसत. रंधा हाती आला की या लोकांना विज्ञान आल्यासारखं वाटतं, असं ते वर्गात सांगत.

बस्त्याव वसईचा. बसगाड्यांच्या सांगाड्यांवर सुतारकाम करून निवृत्त झालेला. त्यानं आणलेली बास त्याच्या भावाची, इनासची. इनासनं ती तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवली होती. तो गेल्यावर माळ्यावरून पडून तिची मान मोडली. बस्त्यावनं दोन वर्षं खपून शिसवी मान घडवली, पडदे बसवले, तारांखालच्या चुंबकाची गुंडाळी नव्यानं केली. खोट एकच राहिली होती. सर्वांत बारीक तारेवर, सातव्या पडद्यापाशी, सूर उमटताच विझायचा. इनासच्या मुलीचं, एलिझाचं, लग्न महिन्यावर आलं होतं आणि तिला त्या दिवशी वडिलांची बास वाजायला हवी होती.

"लाकूड कच्चं आहे," केळुसकर म्हणाले. "तुमच्यासारखंच."

त्यांच्या 'वयवर्धक' यंत्राची कीर्ती सर्वदूर होती. वाद्य वाजत राहिलं की लाकडाच्या पेशींमधले बंध कंपनांनी सैल होतात आणि लाकूड अधिक सहज थरथरतं. हे यंत्र चाळीस वर्षांचं वाजणं सहा तासांत लाकडात भरत असे. व्हायोलिन आणि सतारी त्यानं खुलल्या होत्या. गेल्या वर्षभरात केळुसकरांनी चारशे बास गिटारीही अशाच पिकवून दिल्या होत्या, मात्र सौम्य मात्रेत. बस्त्यावच्या बासवर त्यांनी पूर्ण मात्रा लावायची ठरवली.

त्यांच्या सहकारी डॉ. रुखसाना मुलाणी यांना ते पटलं नाही.

"सर, सतारीत लाकूड गातं, म्हणून ते थरथरलेलं चांगलं. बासमध्ये चुंबक फक्त तारेचं हलणं ऐकतं. लाकूड जेवढं हलेल, तेवढी शक्ती ते तारेकडूनच ओढून घेणार. यांचा मुका सूर त्यामुळेच आहे. त्या एका सुराला मान स्वतःच थरथरते."

बस्त्याव म्हणाला की मानेच्या टोकाला शिशाचा तुकडा बांधला तर तो सूर दोन पडदे सरकतो, हे त्यानं करून पाहिलं होतं. केळुसकरांनी ते ऐकून घेतलं नाही. शिसं मासे पकडायच्या गळाला बांधतात, एवढंच बोलून त्यांनी यंत्र सुरू केलं.

सहा तासांनी त्यांनी बोटानं टिचकी मारली तेव्हा लाकूड घंटेसारखं घुमलं. ते विजयानं हसले. मग बस्त्यावनं ध्वनिवर्धक जोडून तार छेडली. सूर उमटला आणि मेला. दुसऱ्या पडद्यावर तेच, दहाव्यावर तेच. केळुसकरांनी त्याच्या जोडकामाला नावं ठेवली. मुलाणींनी सगळी जोडणी तपासली, ती निर्दोष होती. यंत्रानं काम चोख केलं होतं. पूर्वी मान एका सुराला थरथरायची, आता अख्खी बास प्रत्येक सुराला थरथरत होती आणि तारेसाठी काहीच उरत नव्हतं.

बस्त्याव बास घेऊन निघून गेला.

पुढच्या पंधरवड्यात त्या चारशे बासवाल्यांपैकी काही जणांच्या तक्रारी येऊ लागल्या. केळुसकरांनी सगळ्यांना एकच उत्तर धाडलं, की रोज वाजवा, म्हणजे वाद्य खुलेल. लोकांनी वाजवलं. वाजवण्यानं लाकूड आणखी सैल झालं आणि बास आणखी मुक्या झाल्या. वाजवणं वाढलं की सूर टिकणं घटतं हे दाखवणारा आलेख मुलाणींनी समोर ठेवला तेव्हा मात्र केळुसकरांना ते मानावं लागलं. मान बदलणं हा एकच उपाय होता, आणि ती प्रत्येक बाससाठी हातानं घडवावी लागणार होती.

त्या बासवाल्यांची यादी घेऊन केळुसकर वसईला गेले. एलिझाचं लग्न आठवड्यापूर्वी झालं होतं. बस्त्यावनं रात्रंदिवस राबून न वाजलेल्या, ताठर लाकडाची मान बसवली होती आणि बास लग्नात वाजलीही. दोन गाणी ऐकून एलिझा म्हणाली होती, छान आहे काका, पण हा पप्पांचा आवाज नाही.

शेडमध्ये खुर्ची एकच होती. तिच्यावर बस्त्याव बसून राहिला.

"यादी ठेवून जा. माना मी आणि माझ्यासारखे करून देऊ," तो म्हणाला. "ती माणसं बिचारी तुम्हाला शहाणं समजली, त्यात त्यांचा दोष नाही. पण मान बदलली तरी इनासच्या बासचं धड तसंच राहणार. त्याची तीस वर्षं होती त्यात. तुम्ही त्यांच्यावर चाळीस वर्षांचा गोंगाट चढवलात."

केळुसकरांनी थोडा विचार केला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "नवं धड बनवा. साडेचार तासांत मी त्यात तीस वर्षं भरून देतो."

"कुणाची?" बस्त्यावनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता रंधा उचलला.