कल्ले थांबल्यावर

इंद्रजितला त्या रात्री काम तसं साधंच होतं. अठ्ठेचाळीस मासे झोपवायचे, धुऊन झाकायचे आणि घर गाठायचं.

दत्तोबातात्या ही गोष्ट नेहमी अशीच सुरू करतात, अगदी थंडपणे. बारामतीहून कन्हेरीकडे जाताना माशांची एक प्रयोगशाळा लागते. तिथं तात्यांनी बावीस वर्षं राखण केली. आता ते घरीच असतात, पण तिथं नवी पोरं कामाला लागली की जेवणं उरकून अंधार पडल्यावर त्यांना अंगणात बसवून घेतात. या खेपेला सुयोग आणि निकिता होते. "पटलं तर घ्या," तात्या म्हणाले, "न्हाय तर डास मारत बसा. पर इंद्रजित माझ्या भावकीतला. खोटं बोलायला त्याला कधी सवडच मिळाली न्हाय."

तर यंदाची एकवीस जानेवारी, बुधवार. इंद्रजितचा जोडीदार लग्नाला गेलेला, म्हणून हा गडी तिसरा दिवस दोन्ही पाळ्या एकटा ओढत होता. पाणी बदला, हवेचे पंप बघा, खाणं घाला. अंगात उभं राहायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यात संध्याकाळी प्रयोग चालवणाऱ्या स्वरूपामॅडमचा पुण्याहून फोन आला की प्रयोग संपला, आज रात्रीच मासे झोपवा, सकाळी मी येते.

मासे म्हणजे भिगवणहून आणलेल्या चिलाप्या. डाळिंबाच्या फवारणीचं औषध पाण्यात उतरलं तर माशाला किती बाधतं, ते त्यांच्यावर बघितलं होतं. त्यांनी आपलं काम केलं होतं. आता त्यांना त्रास न देता मरण द्यायचं, एवढंच माणसाच्या हातात होतं.

लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात मासा आधी डुलतो, मग कलतो, मग त्याचे कल्ले थांबतात. पण कल्ले थांबले म्हणजे मासा गेला असं नव्हे. पुढं दहा मिनिटं त्याला त्याच पाण्यात राहू द्यायचं असतं. इंद्रजितला हे फुलाबाईनं शिकवलं होतं. ती तिथं एकोणीस वर्षं टाक्या बघायची. ओला केल्याशिवाय हात माशाला लावू द्यायची नाही, कोरड्या हातानं त्याचं अंग सोलतं म्हणायची. एकदा तर पाहुण्या साहेबाच्या हातावर तिनं न विचारता तांब्याभर पाणी ओतलं होतं. गेल्या आषाढात ती वारली. तिला पोचवायला तात्या आणि इंद्रजित दोघंही होते.

पहिल्या दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेच्या सोळा चिलाप्यांचे कल्ले थांबले तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. दमलेला माणूस देवालाही एक प्रदक्षिणा कमी घालतो. इंद्रजित थांबला नाही. मासे काढले, टबात चार बोटं साध्या पाण्यात धुवायला टाकले, वर झाकण ठेवलं, दिवा घालवला, कुलूप लावलं आणि गाडीला किक मारली.

कालव्याच्या पुलावर आवाज आला.

टप.

मागं जेवणाचा डबा बांधलेला होता, तोच हलत असेल. तो पुढं निघाला.

टप… टप.

त्यानं गाडी बंद केली. वारा नव्हता. दोन्ही अंगाला ऊस, आणि उसाचं पानही हलत नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यानं डबा उघडून बघितला. रिकामा.

टप.

हाताला लवंगेचा वास येत होता. मग त्याला कळलं. आवाज डब्यातला नव्हता. झाकणावर आतून काहीतरी आपटत होतं, आणि ते झाकण दीड कोस मागं होतं.

इथं निकितानं पाय वर घेतले.

इंद्रजित माघारी आला. कुलूप लावलेलंच होतं. आत दिवा लागलेला…

त्यानं दार उघडलं.

टबापाशी स्टुलावर एक बाई बसली होती. पाठमोरी. हिरवं लुगडं. एक हात टबात, मनगटापर्यंत.

टबातले मासे जागे झाले होते. साध्या पाण्यानं त्यांना शुद्ध आली होती. पंधरांचे कल्ले चालू होते. वरचा एक पाण्याबाहेर राहिला होता. तो गेला होता. तडफडून. तोंड उघडं.

"हात ओला कर," बाई म्हणाली.

आवाज ओळखीचा होता. इंद्रजितनं हात ओला केला. एकेक मासा त्यानं दोन्ही हातांवर उचलून लवंगेच्या पाण्यात सोडला. पंधरा. सोळावा बाजूला ताटलीत ठेवला. त्याचं तोंड मिटायला बघितलं. मिटेना.

कल्ले मंदावले. थांबले.

तो उठायला गेला.

"बस. घाई तुला हाय. त्यान्ला न्हाय."

बसला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. दोन मिनिटं… तीन. बाईचा पदर हलत नव्हता. खांदे हलत नव्हते. ती श्वास घेत नव्हती.

सहाव्या मिनिटाला त्याला राहवलं नाही. "मावशी… त्यो एक माज्यामुळं गेला."

सात मिनिटं.

"लई दमलो हुतो, मावशी."

आठ… नऊ.

दहा मिनिटं झाली. त्यानं मान वर केली. स्टूल रिकामं होतं.

त्यानं सगळं झाकलं, बाहेर येऊन कुलूप लावलं आणि दाराला पाठ टेकून उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहिला. थंडी मरणाची, पण घरी जायची लाज वाटत होती.

सकाळी मॅडम आल्या. दहा मिनिटं टाळली, एक मासा हाल होऊन मेला, हे इंद्रजितनं आपणहून सांगितलं. बाईचं सांगितलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. एकट्या माणसावर तीन दिवस काम टाकलं ही माझीही चूक, म्हणाल्या. मग त्यांनी ताटलीवरचं झाकण उचललं, आणि विचारलं, "इंद्रजित, हे तुम्ही केलंत?"

चिलापीचं तोंड मिटलेलं होतं. ओठांत तुळशीचं पान होतं. ओलं.

सुयोगनं हळूच विचारलं, की तिथं आवारात तुळस असेल ना कुठंतरी.

"न्हाय," तात्या म्हणाले. "मी सोता दुसऱ्या दिवशी जाऊन चारी बाजूंनी हिंडून बघितलं. आन् किल्ली रातभर इंद्रजितच्या मुठीत हुती."