धुक्यातली ठकठक

"खाली बघू नकोस," वकील वरून म्हणाला, आणि मुंगीने नेमकं खाली बघितलं.

पायाखाली हातभर रुंदीचा कातळ होता. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. कुठेतरी फार खोल पानं पिकलेलं रान तांबूस दिसत होतं आणि त्यातून गेलेली वाट दोऱ्याएवढी. कातळात ठोकलेली लोखंडी साखळी रात्रीच्या गारठ्याने इतकी थंड पडली होती, की मुंगीची बोटं बधिर झाली. आपण साखळी धरली आहे की नाही, हेच तिला कळेना.

सहामाही परीक्षा संपल्यावर डोंगराची टूम काढली होती मामाने. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि पंक्चर काढता काढता त्याला असं काहीतरी सुचायचं. पहाटे निघायचं, दुपारी शिखर, अंधार पडायच्या आत खाली. प्रार्थनेच्या रांगेत कमी उंचीमुळे कायम पहिली उभी राहते म्हणून ती मुंगी. मामाचा मुलगा कशावरही वाद घालतो म्हणून तो वकील. आणि मुंगीचा धाकटा भाऊ, गोल आणि सदा भुकेला, म्हणून बटाट्या. त्याला मामाने कमरेला दोर बांधून आधीच वर नेलं होतं.

"घाई करू नकोस," मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. "मीही घाबरलेय. दोघी मिळून घाबरू."

मुंगीच्या मागे एक बाई उभी होती. सकाळपासून एका मोठ्या कापड दुकानातल्या लोकांचा घोळका त्यांच्या मागेपुढे चालला होता, त्यातलीच ही. तिने आपले लोकरी हातमोजे काढले आणि मुंगीच्या हातात चढवले.

"तुमचे हात?" मुंगीने विचारलं.

"मी दुकानात कपडे बेतून शिवून देते. सुया टोचून टोचून माझ्या बोटांना आता काही लागत नाही. चल, एक पाय उचल."

मुंगीने एक पाय उचलला. मग दुसरा. वर पोचल्यावर ती हातमोजे परत करणार, तेवढ्यात घोळक्याच्या पुढाऱ्याने शिट्टी फुंकली. हे दुकानाचे मॅनेजर. शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती. "मागे राहू नका, चला, चला," म्हणत ते सगळ्यांना हाकत निघाले आणि हातमोजेवाल्या काकू त्यांच्यामागे धावल्या.

खिंडीत दगडी विश्रामघर होतं. तिथे मामाने मुलांना उकडलेली अंडी खाऊ घातली आणि मग सगळे शिखराकडे निघाले. पण शिखर काही त्यांच्या नशिबात नव्हतं. अर्ध्या चढावर असताना पलीकडच्या दरीतून धुकं वर आलं. आधी शिखर गेलं, मग वाट गेली, मग वकिलाचे पाय दिसेनासे झाले. वरून शिट्ट्या वाजवत मॅनेजर आणि त्यांची माणसं घाईघाईने उतरत आली.

"परत फिरा," मॅनेजर ओरडून म्हणाले. "वर काही दिसत नाही."

घोळका पुढून निघून गेला. मामाने बटाट्याचा हात धरला आणि त्यांच्यामागून उतरायला सुरुवात केली. मुंगी सगळ्यांत शेवटी होती. धुकं तोंडात शिरत होतं. मागे कोणी नाही हे तिला माहीत होतं, तरी कोणीतरी आहे असं वाटून तिच्या मानेवर काटा येत होता. वाट दाखवणाऱ्या लोखंडी खांबापाशी ती आली, आणि तिने ऐकलं.

ठक. ठक ठक.

"मामा, कोणीतरी ठोकतंय."

"दगड सुटत असतील. पाय उचल."

"डोंगराचं भूत असेल," वकील म्हणाला. "त्याला बुटक्या मुली आवडतात."

मुंगी जवळजवळ पळतच खाली आली.

विश्रामघरात गर्दी झाली होती. लांब बाकावर टोप्या कानांवर ओढून लोक चहा पीत होते. मॅनेजर बाकाच्या मागून एकेका टोपीवर बोट ठेवत गेले, शेवटी मान हलवून म्हणाले, "बरोबर. सगळे आहेत. उठा, खाली बस थांबली आहे."

मुंगी हातमोजे घेऊन दारात उभी राहिली. एकेक माणूस बाहेर पडताना ती त्याचा चेहरा बघत होती. काकू आल्याच नाहीत.

"त्या शिवणकाम करणाऱ्या काकू कुठे आहेत?" तिने मॅनेजरांना विचारलं.

"असतील पुढे. त्या कधी कुठे असतात ते कळतच नाही. फार शांत बाई."

"पण त्या बाहेर आल्या नाहीत. मी इथेच उभी आहे."

"बाळ, मी आत्ताच मोजलेत सगळे." आणि ते धुक्यात गेले. शिट्टीचा आवाज हळूहळू विरत गेला.

विश्रामघराचा राखणदार कप गोळा करत होता. तोही म्हणाला, "मोजणी माझ्यासमोर झाली." मामा म्हणाला, "मग झालं तर." सगळं बरोबर होतं, तरी मुंगीने हातमोजे हातातून खाली ठेवले नाहीत. ती बाकावर बटाट्याशेजारी जाऊन बसली. त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा होता.

"हा कुठून आणलास?"

"त्या लोकांनी दिला. मी त्यांच्यात बसलो होतो ना." बटाट्याने तोंडातलं बिस्किट गिळलं. "आणि त्या शिट्टीवाल्या काकांनी माझ्या टोपीवर टपली मारली. चौदा म्हणाले."

मुंगी उठून उभी राहिली. तिने बटाट्याच्या टोपीकडे बोट दाखवलं.

वकिलाने तिच्याकडे बघितलं, मग बटाट्याच्या टोपीकडे. या वेळी त्याने वाद घातला नाही. "बाबा," तो म्हणाला, "त्यांनी याला मोजलं. म्हणजे त्यांचं एक माणूस कमी आहे."

"ती ठकठक," मुंगी कसंबसं म्हणाली. "खांबापाशी. त्या काकू होत्या."

मामाचा चेहरा उतरला. राखणदाराने धावत जाऊन खालच्या बचावपथकाला फोन लावला. पथक निघतंय, पण या धुक्यात पोचायला वेळ लागेल, तोवर दिवस मावळेल, असं तो म्हणाला. थंडी आत्ताच हाडात शिरत होती.

"राखणदार आणि मी बघून येतो," मामा म्हणाला. "पण वर खांब बरेच आहेत. कुठला खांब, मुंगी?"

"वाकलेला. त्याच्या बुडाशी शेवाळ आहे." ती थांबली. पुढचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. "मी दाखवते."

मामाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं राखणदाराच्या आणि मध्ये मुंगीला. वकील आणि बटाट्या दारात पातेल्याचं मोठं झाकण बडवत राहणार होते, म्हणजे परतताना विश्रामघर कुठे आहे ते कळलं असतं.

थोडा वेळ झाकणाचा आवाज सोबत होता. मग तोही पुसट झाला. मुंगीला पुढे मामाची पाठ दिसत होती, कधी तीही दिसत नव्हती, नुसता दोर धुक्यात गेलेला. तिचे दात वाजत होते. खांबामागून खांब गेले. शेवटी वाकलेला खांब आला.

मामाने हाका मारल्या. राखणदाराने मारल्या. हाका धुक्यात बुडून जात होत्या. उत्तर आलं नाही.

आपण चुकलो का? की उशीर झाला? मुंगीला रडू फुटलं. पण रडता रडता तिला वाटलं, काकूंनी हाक मारली नव्हती. म्हणजे त्यांच्यात ओरडायची ताकद नसेल. तिने एक दगड उचलला आणि खांबावर आपटला. ठण. ठण ठण.

"आता कोणी बोलू नका," ती म्हणाली. दोन मोठी माणसं श्वास रोखून उभी राहिली.

ठक.

अगदी हळू, डावीकडून, खालून. मुंगी पोटावर झोपून कडेपर्यंत सरकली. मामाने तिचे पाय घट्ट धरले होते. खाली गवताची एक अरुंद पट्टी होती आणि तिच्यावर अंगाचं मुटकुळं करून कोणीतरी पडलं होतं. हातात दगड होता.

"काकू, मी हातमोजेवाली!"

मुटकुळं हललं. "आडोशाला म्हणून बाजूला आले," अगदी बारीक आवाज आला. "पाय घसरला. पायाला आणि बरगडीत लागलंय, ओरडता येत नाही."

राखणदार दोर धरून उतरला. त्याने आपला कोट काकूंना गुंडाळला. त्यांना वर घेईपर्यंत मुंगी तिथेच पडून होती आणि तोंडाला येईल ते बोलत होती. बटाट्याच्या खाण्याबद्दल, वकिलाच्या वादांबद्दल, गणिताच्या पेपराबद्दल. मध्येच तिचा आवाज कापायचा, पण तिने बोलणं थांबवलं नाही.

मग मामाने काकूंना पाठुंगळी घेतलं, आणि झाकणाच्या आवाजाचा माग काढत सगळे उतरले.

बचावपथक आलं तेव्हा काकू शेगडीजवळ पांघरुणात होत्या. पथकाबरोबर धापा टाकत मॅनेजरही आले होते. सगळा प्रकार ऐकल्यावर ते बाकावर बसले.

"मला वाटलं," काकू म्हणाल्या, "सोमवारी कोणी कपडा शिवायला घेऊन येईल, तेव्हाच कळेल की मी नाही."

मॅनेजरांना मान वर करता येईना. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "या मुलीने मला विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

पथकाच्या प्रमुख बाईंनी काकूंची नाडी बघितली, पाय बांधला आणि मग मुंगीसमोर उकिडव्या बसल्या. "तो आवाज पहिल्यांदा ऐकलास तेव्हा घाबरलीस?"

"खूप. दुसऱ्यांदा जास्त."

"आणि तरी गेलीस. आमच्या पथकात भरती व्हायचं असेल तर आधी थोडी उंच हो. बाकी काही कमी नाही तुझ्यात."

मुंगीला हसू आलं. वकिलाने स्वतःचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. "भुताबद्दल बोललो ते मागे घेतो," तो पुटपुटला. त्याने काही मागे घेतल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं.

मामा तिच्याशेजारी येऊन बसला. "मी दगड म्हणालो," तो म्हणाला. "मी बिनधास्त होतो, म्हणून मला दगडच ऐकू आले. तू भीत होतीस म्हणून तू कान देऊन ऐकलंस. पोरी, तुझ्यामुळे एक बाई आज घरी जातेय."

काकूंनी पांघरुणातून हात बाहेर काढून मुंगीचा हात धरला. मामाने घसा खाकरला.

"आता एकच प्रश्न राहिला. यातलं तुझ्या आईला किती सांगायचं?"

"सगळं," तिन्ही मुलं एकदम म्हणाली.

दिवसभरात डोंगराला न घाबरलेला मामा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.